सलाफहादाच्या मुली

आज बायबल अभ्यासात गणना या पुस्तकाचा 27वा अध्याय वाचला. सलाफहादाला मुलगा नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा या त्याच्या पाचही मुली थेट इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यापुढे उभ्या राहतात आणि वडिलांचा जमिनीतला वाटा मागतात. देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे! अध्याय 36 मध्ये मात्र अट येते, लग्न आपल्याच वंशात करा. ती मला खटकतेच. रोमन लोक वारस हवा म्हणून दत्तक घ्यायचे ते बहुधा पुरुषांनाच. येशूचा प्रेषित पौल मात्र गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रात हाच दत्तकाचा दाखला देतो आणि तिथल्या बायकांनाही देवाच्या वारसांमध्ये धरतो. शेजारच्या मावशींनी पाचही नावं वहीत उतरवून घेतली. माहेरच्या जमिनीवर त्यांनी कधीच हक्कसोड करून दिलंय. हा 27वा अध्याय रविवारी उपासनेत वाचा, असं मी पाळकसाहेबांना सांगून आलेय.