इंग्रजी पक्कं आहे, मग फ्रेंच सोपं जाईल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते. दर जूनमध्ये आठवीच्या मुलांचे आईवडील फोन करतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, त्याचं इंग्रजी पक्कं आहे, मग फ्रेंच सोपं जाईल ना?" मी "हो, जाईल" म्हणते आणि फोन ठेवते. ते उत्तर अर्धंच आहे.

शब्दांपुरतं ते खरं आहे. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच शब्द इंग्रजीत इतके मुरले, की 'नेशन', 'जस्टिस' वाचताना मुलं अडखळत नाहीत. गाडी अडते क्रियापदाशी. इंग्रजी क्रियापद फारसं हलतच नाही. फ्रेंचमध्ये कर्ता बदलला की रूप बदलतं, आणि भूतकाळही एकच नसतो. 'लहानपणी आम्ही आजोळी जायचो' आणि 'त्या दिवशी आम्ही आजोळी गेलो' यातला फरक मराठी घरातल्या मुलाला शाळेत जायच्या आधीपासून कळतो. इंग्रजीतून विचार केला तर दोन्हीकडे 'वेन्ट' खपून जातं, आणि मग अँपार्फे ('जायचो'सारखा भूतकाळ) कुठे नि पासे कोंपोझे ('गेलो'सारखा) कुठे याचे तक्ते घोकत बसावं लागतं. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' ज्याच्या तोंडी रुळलंय, त्याने स्युबजाँक्तिफचा, म्हणजे फ्रेंचमधल्या अशाच रूपाचा, इतका बाऊ का करावा?

फ्रेंचला मराठीचा असा आधार होतो, हे स्वतः शिकत होतीस तेव्हाच का नाही सुचलं, असंही मला विचारतात. सुचलं होतं.

मी मराठी माध्यमातली. पुण्यात संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गाला जायचे. एकदा सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं, 'मी चिठ्ठी लिहिली': जे एक्री ला लेत्र. दुसरं, 'मी लिहिलेली चिठ्ठी': ला लेत्र क जे एक्रित. दुसऱ्यात क्रियापदाच्या शेवटी एक 'ई' (e हे अक्षर) वाढला होता, त्याखाली लाल रेघ. कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, हे सर इंग्रजीतून परत परत सांगत होते आणि वर्ग गोंधळला होता. इंग्रजीत असलं काही नाहीच. मी शेजारणीला हळूच म्हटलं, "अगं, पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली. आपल्यासारखंच की."

सरांनी ऐकलं. "इथे फ्रेंच किंवा इंग्रजी. मराठी बाहेर." मग मला उभं करून म्हणाले, आता हेच सगळ्यांना इंग्रजीत समजावून सांग. मला कर्ता माहीत होता, कर्म माहीत होतं, कर्मणी प्रयोग तर आठवीत पाठच केला होता. 'डायरेक्ट ऑब्जेक्ट' हे दोन शब्द तेवढे माहीत नव्हते. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. उत्तर ठाऊक असूनही मी खाली बसले, आणि त्या सत्रात पुन्हा तोंड उघडलं नाही. वहीत त्या 'ई'शेजारी पेन्सिलीने 'लिहिली' एवढंच लिहून ठेवलं.

पुढे शिकवायला लागल्यावर मीही काही वर्षं हेच सांगत होते की मराठी वर्गाबाहेर ठेवा. त्या वेळच्या मला आज खडसवावंसं वाटतं. पण तिचं म्हणणंही अगदीच खोडून काढता येत नाही. पुस्तकं इंग्रजीतून, कोश इंग्रजीतून. शिवाय मराठीचा हात धरून सगळीकडे जाता येत नाही. 'मी गेले', 'मी आले' फ्रेंचमध्येही कर्त्याप्रमाणे बदलतात. पण 'मी झोपले' म्हटलं की तिथे नियम वेगळा, रूप बदलतच नाही. आणि मराठीतही 'मी फ्रेंच शिकले' म्हणताना क्रियापद कर्माला विचारत नाहीच.

तो 'ई'चा नियम खुद्द फ्रेंचांनाही जड जातो. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियनचा दाखला देऊन त्याची तरफदारी केली होती. 2018 साली बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी तो सोडून द्यावा अशी जाहीर मागणी केली. मला तो राहावासा वाटतो. माझ्या मुलांना फुकटात मिळणारी एवढी एकच गोष्ट आहे, ती तरी का काढून घ्यायची?

पण 'माझी मुलं' म्हणजे कोण, इथेच मी अडते. गुजराती, हिंदी घरांतल्यांना चिठ्ठीचं उदाहरण लगेच पटतं. गेल्या वर्षी वर्गात एक कन्नड बोलणारी मुलगी होती. तिच्या भाषेत क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. मी फळ्यावर 'लिहिली' लिहिलं, बाकीच्यांच्या माना हलल्या आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मी इंग्रजीतूनच समजावलं, तक्ता काढून.

तेव्हा यंदा फोन कराल तेव्हा इंग्रजीचे मार्क सांगा, पण त्याआधी मूल घरी कुठल्या भाषेत भांडतं ते सांगा. कन्नड, तमिळ म्हणालात तर काय करायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.