क्रूझवरची टीप: काढून टाकणं वेगळं, दुरुस्त करून घेणं वेगळं

क्रूझवर दर माणशी, दर दिवशी टीप, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, केबिनच्या जहाजावरच्या खर्चाच्या खात्यावर आपोआप पडते आणि जहाजावरच्या चौकशीच्या काउंटरवर जाऊन सांगितलं तर बहुतेक कंपन्या ती कमी करतात किंवा काढून टाकतात. एवढी माहिती कुठेही मिळेल. मला लिहायचंय ते त्या काउंटरबद्दल. आमची टीप दोनदा कापली जात होती आणि ते निस्तरताना जेवढं डोकं लावावं लागलं, तेवढं व्हिसा, विमान, मरिना बे क्रूझ सेंटरमधलं चेक-इन या सगळ्याला मिळून लागलं नाही. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो.

सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर, अशी चार रात्रींची क्रूझ होती. एका केबिनमध्ये मी, नवरा आणि मुलगा, शेजारच्या केबिनमध्ये सासूबाई आणि नणंद. बुकिंग ठाण्यातल्या एका एजंटकडून केलं होतं. टीप भरलेली आहे, असं त्याच्या व्हाउचरवर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि पैसेही त्याने तसेच घेतले होते: माणशी रोजचे 18 डॉलर, म्हणजे पाच जणांचे मिळून 360. आमच्या कंपनीत शाळकरी मुलालाही मोठ्यांचाच दर होता आणि केबिनमधल्या तिसऱ्या माणसालाही तोच. हिशोब करताना हे धरून चाला. आणि जहाज सिंगापूरहून निघत असलं तरी आमच्या जहाजावरचा सगळा हिशोब अमेरिकन डॉलरमध्ये होता.

पेनांग फिरून आल्यावर मुलाने मोबाइलवर जहाजाचं ॲप उघडलं आणि विचारलं, "आई, हे 54 डॉलर कसले?" खाली आणखी एकदा 54. तिघांची रोजची टीप. सासूबाईंच्या केबिनच्या खात्यावर मात्र तसं काहीच नव्हतं. असंच चालू राहिलं असतं तर शेवटी 216 डॉलर जास्तीचे गेले असते, म्हणजे 18 हजार रुपयांच्या वर.

नणंदेचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, सगळीच काढून टाका. हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत आपण पैसे ठेवतो ते आपल्या मर्जीने. हे कोण परस्पर घेणार?" तिचं म्हणणं आपल्याकडच्या हिशोबाने चुकीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, की हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पण परदेशी झेंड्याच्या जहाजावर हा कायदा लागू होत नाही. शिवाय तिथे टीप हा पगाराचाच भाग धरलेला असतो. केबिन आवरणारा, जेवणाच्या हॉलमधले वेटर, आणि आपल्याला कधीच न दिसणारी लॉन्ड्रीतली, भटारखान्यातली माणसं यांच्यात ती वाटली जाते. ही माणसं काही महिन्यांच्या करारावर असतात आणि त्या काळात त्यांना रविवार नसतो. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने त्यांच्या विश्रांतीचे किमान तास ठरवून दिलेत: दिवसाला 10, आठवड्याला 77. उरलेला वेळ कामाला जाऊ शकतो, यावरून काय ते समजा. म्हणून पैसे वाचवायला टीप काढणं मला पटत नाही. तिकीट काढतानाच तो खर्च धरायचा, आणि झेपत नसेल तर बाल्कनीऐवजी आतली केबिन घ्यायची.

तर मी काउंटरवर गेले ते टीप काढायला नाही, दुरुस्त करायला. हा फरक त्यांना समजावण्यातच माझी सुट्टी गेली.

जेवणानंतरची वेळ, रांग जिन्यापर्यंत आलेली. नंबर आल्यावर तिथल्या मुलीने स्क्रीन पाहिली आणि हसून विचारलं, "काढून टाकू का?" मी म्हटलं, काढायची नाहीये, ती आधीच भरलेली आहे, तुमच्याकडे दिसत नाही एवढंच. ती म्हणाली, भरलेली नाही. मी व्हाउचर पुढे केलं. हे तुमच्या एजंटचं आहे, आमचं नाही. आणि पुन्हा, "काढून टाकू का?" सोबत एक छापील फॉर्म माझ्यासमोर आला.

तो फॉर्म मी नीट वाचला, आणि तुम्हीही वाचा. नाव, केबिन नंबर, सही, आणि मधे कारणांचे चौकोन. केबिनची सेवा असमाधानकारक, जेवणाच्या हॉलमधली सेवा असमाधानकारक, अशा ओळी. त्यांच्यापुढे कर्मचाऱ्याचं नाव लिहायला जागा. आधीच पैसे भरलेत, असा चौकोन कुठेच नाही. "कुठलाही एक टिक करा, दोन मिनिटांत होईल," ती म्हणाली.

आमच्या दोन्ही केबिन आवरणारा मुलगा एकच होता, गोव्याचा, सालसेतचा. सासूबाई सावंतवाडीच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांची मालवणी आणि त्याची कोंकणी अशी जुळली, की मला मधे बोलायला वाव राहिला नाही. बाथरूममध्ये पाण्याचा मग नाही म्हणून सासूबाई कुरकुरल्या, तर तासाभरात त्याने कुठून तरी दांडीचा प्लॅस्टिकचा जग आणून दिला. रात्री गोळ्या घ्यायला कोमट पाणी लागतं हे एकदा ऐकलं, त्यानंतर रोज झोपायच्या आधी थर्मास दारात. त्या मुलाच्या नावापुढे मी "असमाधानकारक" वर टिक करू? मी फॉर्म परत केला.

मागे नवरा उभा होता. "सही कर आणि मोकळी हो, पैसे तर परत मिळतायत." मी त्याला तिथेच सांगितलं, माझे पैसे एकदा गेलेत, ते ज्यांच्यासाठी गेलेत त्यांना मिळाले पाहिजेत. इथली काढली, तर आधीचे 216 डॉलर कुठेतरी पडून राहणार, आमच्या केबिनच्या नावावर कोणालाच काही मिळणार नाही, आणि वर तक्रार नोंदली जाणार. मुलीने खांदे उडवले आणि पुढच्याला बोलावलं. रांगेतल्या लोकांना एवढंच ऐकू आलं होतं, की हे भारतीय कुटुंब टीप काढायला आलंय. त्यांच्या नजरा मला अजून बोचतात.

दुसऱ्या दिवशी फुकेत. तिथल्या पातोंग किनाऱ्यासमोर जहाज नांगरतं आणि लोक छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. घरच्यांना पाठवून मी मागे राहिले, कारण जहाज रिकामं झालं की काउंटरही रिकामा होतो. रात्रीची रांग टाळायची असेल तर हीच वेळ. तिथे आता दुसराच माणूस होता आणि आदल्या रात्रीची एका ओळीचीही नोंद नव्हती. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याचाही पहिला प्रश्न, "काढून टाकू का?" पण निदान त्याने कामाचं सांगितलं: कंपनीने तुमच्या एजंटला दिलेला इनव्हॉइस आणा, त्यावर टीपेची ओळ असेल तर पाहतो.

आता एजंट. त्याचं ऑफिस साडेदहाला उघडतं, तेव्हा सिंगापूरच्या घड्याळात एक वाजलेला असतो. जहाजाचं इंटरनेट महाग, पण किनाऱ्याचं नेटवर्क वरच्या डेकवर येत होतं, तिथून रोमिंगवर फोन लावला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, टीप भरलेली आहे." भरलेली आहे ते मलाही माहीत आहे, मी म्हटलं, कंपनीचा इनव्हॉइस पाठवा, तुमचा नको. थोड्या वेळाने मेल आला. आत तेच जुनं व्हाउचर. पुन्हा फोन. साहेब मीटिंगमध्ये. मी उन्हात उभी, खाली लोक ओल्या टॉवेलांनी, हातात शहाळी घेऊन परत यायला लागलेले, आणि मी "तुमचा नको, कंपनीचा" हे एकच वाक्य घोकतेय. शेवटी मी लिहून पाठवलं की इनव्हॉइस आला नाही तर परत आल्यावर 216 डॉलर तुमच्याकडून घेईन, आणि ग्राहक मंचात जायची माझी तयारी आहे. जहाज हलायच्या आत इनव्हॉइस आला. अशा वेळी फोन करू नका, लिहा.

त्या इनव्हॉइसमध्ये सगळा उलगडा होता. 360 डॉलरची एकच ओळ, आणि तिच्यासमोर बुकिंग नंबरही एकच: सासूबाईंच्या केबिनचा. दोन केबिनचे दोन बुकिंग नंबर, पण पाचही जणांचे पैसे एकावर चढवलेले. जहाजाच्या यंत्रणेने त्यांच्या दोघींचे 144 घेतले आणि उरलेले 216 तिथेच ठेवून आमच्याकडून रोज वेगळी टीप लावायला सुरुवात केली.

शेवटचा दिवस समुद्रावरचा. मी सकाळी नाश्त्याआधीच काउंटर गाठला आणि थेट सुपरवायझरला बोलवायला सांगितलं. हे पहिल्याच रात्री सांगितलं तरी चालतं, त्यात उद्धटपणा नाही. आवाज चढवायचा नाही, पण "तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय" हे शांतपणे म्हणायचं आणि तिथून हलायचं नाही. ते गृहस्थ आले, इनव्हॉइसवरचे दोन्ही नंबर मी बोटाने दाखवले, त्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि पहिल्यांदा कोणीतरी "काढून टाकू का" असं न विचारता "बरोबर आहे तुमचं" म्हणालं. मला एकदम हायसं वाटलं. किनाऱ्यावरच्या ऑफिसची परवानगी यायला दुपार झाली. मी खात्याची छापील प्रत मागून घेतली. 54 च्या ओळी जशाच्या तशा होत्या आणि त्यांच्याखाली 216 जमा, आधी भरलेली टीप म्हणून. म्हणजे टीप निघाली नव्हती, दुसऱ्यांदा कापली जाणं थांबलं होतं. मला हेच हवं होतं, आणि सही न करता ते मिळालं याचा मला अभिमान आहे.

सेवा खरोखरच वाईट असेल तर काय, हे मला परत आल्यावर अनेकांनी विचारलं. तर टीप कमी करायचा हक्क वापरा, पण आधी वेळेवर सांगा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर माणूस बदलून मिळू शकतो, टेबल बदलून मिळू शकतं. काही न बोलता शेवटच्या रात्री सगळी टीप उडवायची, हे मला पाठीत वार केल्यासारखं वाटतं. वेटर वाईट होता म्हणून केबिनवाल्याचे पैसे कापू नका, त्या भागापुरतीच कमी करायला सांगा. आणि "टीप काढतो आणि तुलाच रोख देतो" हा हिशोब कोणाशी करू नका. काही कंपन्यांत टीप काढलेल्या प्रवाशाने दिलेली रोख रक्कम कर्मचाऱ्याला सामाईक खात्यात जमा करावी लागते, आणि लॉन्ड्रीतल्या माणसाला तर तुम्ही रोख देणार नसताच. वर काही द्यायचंच असेल तर आपोआप कापली जाणारी टीप तशीच ठेवून द्या. आम्ही सालसेतच्या मुलाला पाकिटात डॉलर दिले, ते सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिले.

बारमध्ये किंवा ज्यूस घेताना जी पावती येते तिच्यावर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क बहुतेक जहाजांवर आधीच लावलेलं असतं आणि त्याखाली जादा टीपेची रिकामी ओळ असते. ती भरलीच पाहिजे असं नाही. सही करायच्या आधी तिथे आडवी रेघ मारा. ड्रिंक्सचं पॅकेज घेतलं तर शुल्क पॅकेजच्या किमतीवर लागतं, म्हणून जाहिरातीतला आकडा आणि खात्यावरचा आकडा जुळत नाही.

सगळ्याच कंपन्या हे असं करत नाहीत, हेही सांगायला हवं. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये रोजची टीप वेगळी लावणं बंद केलं. तिकिटातच सगळं धरलेलं असलं की काउंटरवर जायची वेळच येत नाही. बाकीच्यांनी तसं का करू नये, याला जाहिरातीत तिकीट स्वस्त दिसावं यापलीकडे मला तरी कारण दिसत नाही.

जहाजाच्या खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर जहाज अंदाजे रक्कम अडवून ठेवतं आणि खातं मिटल्यावरही ती सुटायला काही दिवस जातात, म्हणजे परतीच्या वाटेवर सिंगापूरमध्ये तुमच्याच पैशांना हात लावता येत नाही. शेवटच्या सकाळी खात्याची प्रत पाहिल्याशिवाय उतरू नका, कारण त्यानंतरची तक्रार जहाजाकडे राहत नाही, कंपनीच्या मेलवर जाते. आणि एजंटकडून निघण्याआधी "टीप भरली" एवढं ऐकून घेऊ नका. प्रत्येक केबिनचा बुकिंग नंबर आणि त्यासमोर त्या केबिनपुरती भरलेली टीप दाखवणारा कंपनीचा इनव्हॉइस मागा, आणि तो मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा, मेलमध्ये नाही, कारण समुद्रावर मेल उघडत नाही.