टॉर्क रेंच पुरत नसेल तेव्हा अ‍ॅक्सल नट कसा कसायचा

पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सल नटला (हब अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारा मोठा नट) बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. घरगुती टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजून कसणारा पाना, बहुधा त्याआधीच संपतो. मग पान्यावर पाइप चढवून 'बसला एकदाचा' म्हणेपर्यंत ओढायचं, हे करू नका. नट ढिला राहिला तर हब बेअरिंग खेळतं आणि लवकर जातं. अति कसला तर आटे ताणले जातात.

टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. त्यामुळे मजबूत पॉवर बार (गोटीचा लांब दांडा), सहा कोनी गोटी (सॉकेट), त्या दांड्यावर चढवायला जीआय पाइप आणि ओढण्याचा जोर मोजायला ५० किलोचा हुकवाला वजनकाटा एवढ्यावर काम होतं. हे सगळं नागपुरात इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत शोधा. काटा डायलचा घ्या, कारण काही डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की तिथेच अडकतात आणि आपल्याला तो ओढतानाच वाचायचा असतो. काटा खरा आहे का, हे पाण्याच्या २० लिटरच्या जारने तपासा: भरलेला आणि रिकामा यांतला फरक २० किलो यायला हवा. नागपुरात उन्हाळ्यात जार शोधावा लागत नाही.

समजा मॅन्युअलमध्ये २२० न्यूटन-मीटर आहे. २२० भागिले ९.८१ (१ किलोचं वजन म्हणजे ९.८१ न्यूटन), म्हणजे १ मीटरवर २२.४ किलो. हे १ मीटर अंतर नटाच्या मध्यापासून मोजून पाइपवर खूण करा, पाइपच्या तोंडापासून नाही. ५ सेंमी चुकले की टॉर्क ५ टक्के चुकतो. खुणेवर दोरी पक्की बांधा, घसरता कामा नये.

नटाकडे तोंड केल्यावर पाइप डावीकडे आडवा ठेवा आणि काट्याने सरळ वर ओढा. (घड्याळाच्या दिशेने कसणाऱ्या सरळ आट्यांसाठी हे, उलटे असतील तर बाजू बदला.) वर ओढताना पाइपचं वजन आपल्या विरुद्ध असतं, ते मोजावंच लागतं. आधी गोटीचं टोक ठोकळ्यावर टेकवून त्याच खुणेवर पाइप आडवा उचला. काटा १.५ किलो दाखवत असेल तर २२.४ ऐवजी २३.९ पर्यंत ओढायचं.

जार पाइपला लटकवायची कल्पना सुचते, पण अ‍ॅक्सल इतका खाली असतो की जार जमिनीला टेकतो. पाइपवर उभं राहणंही नको: तोल सावरायला हात गाडीवर जातो आणि वजनाचा वाटा तिकडे निघून जातो.

चाक जमिनीवर नसताना, गाडी जॅक स्टँडवर पक्की ठेवून, एकाने ब्रेक दाबायचा. पाइप आडवा असतानाच शेवटचा आकडा घ्या. २० अंश कलला तर टॉर्क ६ टक्के कमी होतो. झटका नको, आणि आकडा नट फिरत असताना वाचा. थांबलेला नट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, तो आकडा फसवा.

आटे ब्रशने साफ करा, पण मॅन्युअल सांगत नसेल तर तेल लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला नट खूप जास्त ताणला जातो. चेपून लॉक होणारा नट असेल तर नवाच लावा आणि कसून झाल्यावर त्याची कड खाचेत नीट चेपा.

टॉर्कनंतर ठराविक अंश फिरवायला सांगितलेल्या बोल्टला फक्त किलोचा हा हिशेब पुरत नाही. तिथे किती अंश फिरलं ते दाखवणारा अँगल गेज हवाच.