सतरा नंबरचा फॉर्म आणि निर्देशांकाचं प्रकरण

दहावीनंतर शिक्षण सुटलं ते सुटलंच. मी आमच्या किराणा दुकानात बसू लागले. बारावी द्यायचं ठरवलं तेव्हा रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, म्हणून बोर्डाच्या संकेतस्थळावर सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे कॉलेजला न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो, सगळं संपर्क केंद्र असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात नेऊन दिलं. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळाली. इथवर काही जड गेलं नाही.

अडलं अर्थशास्त्रात, निर्देशांकाच्या प्रकरणाशी. निर्देशांक म्हणजे एका वर्षाच्या तुलनेत दुसऱ्या वर्षी भाव एकंदर किती बदलले ते दाखवणारा आकडा. तो काढायची लास्पेअर आणि पाशे या अर्थतज्ज्ञांची सूत्रं पाठ होती. पण पुस्तक मिटून कोरा कागद घेतला की आधारभूत वर्षाचे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या जुन्या वर्षाचे नग कुठे धरायचे आणि चालू वर्षाचे कुठे, हे सुचेना. वर्गात असते तर सरांनी गणित फळ्यावर सोडवलं असतं, मी उतरवून घेतलं असतं आणि आपल्याला आलं असंच धरून चालले असते. कोऱ्या कागदापुढे तसं चालत नाही.

मग दुकानाच्या जुन्या वह्या काढल्या. तूरडाळ, साखर, गोडेतेल यांचे जुने-नवे भाव आणि खपलेले किलो मांडले. जुनाच खप धरून दोन्ही वर्षांच्या भावाने बेरीज केली, नव्या बेरजेला जुनीने भागून शंभराने गुणलं, तो लास्पेअर. नवा खप धरून तसंच केलं, तो पाशे. पाशेचा आकडा कमी आला. का, ते वहीतच होतं: तेल महागलं तशी गिऱ्हाइकं ते कमी नेऊ लागली होती! त्यानंतर सूत्र घोकावं लागलं नाही.

बाकीच्या विषयांनाही हीच रीत लावली. वाचायचं, मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग ताडून बघायचं. राज्यशास्त्र भराभर झालं; अर्थशास्त्राला हवा तेवढा वेळ दिला, मागे खेचणारं किंवा पुढे ढकलणारं कोणी नव्हतं. इंग्रजी तोंडीची तयारी मात्र नणंदेने करून घेतली. स्वतः अभ्यास करणं म्हणजे कोणाला विचारायचंच नाही, असं मी कधी मानलं नाही. उलट नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असायचं, त्यामुळे तिचाही वेळ वाचायचा.

कोणी सतरा नंबरने बसणार असेल तर एक सांगते. लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 तोंडी किंवा प्रकल्पाचे. त्यांच्या तारखांसाठी मी केंद्रात सतत फोन करत राहिले. तुम्हीही करा.

आता नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए. करतेय, अर्थशास्त्र घेऊन.