मावशीचा क्लायंबिंग आइसबर्ग: ऑक्टोबर ते जानेवारी

पुण्यात सहकारनगरला मावशीच्या बंगल्यात पश्चिमेच्या भिंतीवर हा वेली गुलाब आहे. आठ-नऊ फूट चढलेला, पण खाली नुसत्या काड्या, फुलं आलीच तर पार शेंड्याला, आणि कोवळी पानं पिवळी. माळी खत वाढवत गेला, आधी शेणखत, मग डीएपी, म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देणारं रासायनिक खत. मावशी तो उपटायच्या बेतात होती. पानं नीट पाहिली आणि म्हटलं, या हिवाळ्यापुरता माझ्यावर सोड.

पिवळेपणा नव्या पानांत होता, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. म्हणजे लोह कमी. नत्र कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. बुंध्याजवळ खुरप्यानं उकरलं तर वीतभर खाली प्लास्टरचा राडारोडा दाबलेला. वरून बोअरचं जड पाणी. मातीचा सामू (पीएच) आठच्या वर निघाला, म्हणजे माती अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि डीएपीतलं स्फुरद ते आणखी अडवतं. डीएपी तिथेच बंद केलं. राडारोडा हातानं वेचला, तंतुमुळं न दुखावता जेवढा निघाला तेवढा. त्या जागी पोयटा, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड भरली. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घेताना पाकीट वाचा, मंडळी. लोह बांधणारी रसायनं वेगवेगळी असतात: ईडीटीएवालं एवढ्या सामूत टिकत नाही, ईडीडीएचए लागतं. पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. ते आळ्यात दिलं. आधीची पिवळी पानं तशीच राहिली, पण पुढची पालवी हिरवी आली.

छाटणीत हात आखडता ठेवला. मूळ आइसबर्ग जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाब-पैदासकारांचा, 1958 चा, झुडूप. वेली रूप हा त्याचा स्पोर्ट, म्हणजे झाडावर आपोआप निघालेली वेगळ्या गुणाची फूट, 1968 चा. असा स्पोर्ट खरडून छाटला तर पुन्हा झुडपासारखा वाढायला लागू शकतो. म्हणून मेलेलं तेवढं काढलं आणि एक म्हातारी फांदी बुडातून घेतली. शेंडेमर झालेल्या फांद्या मात्र गाभा पांढरा लागेपर्यंत मागे कापल्या. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला की अजून एक डोळा (फुटीचा अंकुर) खाली. कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप.

एक जोमदार फांदी फसवी निघाली. एका देठावर सात पानं म्हणजे फांदी कलमाखालच्या जंगली गुलाबाची, ही खूण मी मानत नाही, कितीतरी वेलींना सात पानं असतात. देठाच्या बुडाची उपपर्णं (चिमुकली पानं) बघावीत. हिची झालरीसारखी कातरलेली होती, म्हणजे ही फूट खुंटाची (ज्यावर कलम बांधतात त्या झाडाची), आणि खुंट मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाचा. माती सारून पाहिलं तर ती डोळा भरलेल्या गाठीच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालूनच फुटलेली. अशी फूट कापली तर पुन्हा येते, खाली ओढून मुळासकट उपटावी लागते.

आणि आता खरी गंमत. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी केली की तो जोर ओसरतो आणि अंगावरचे डोळे जागे होतात. भिंतीपासून तीन इंच सोडून जीआय तारा ओढल्या, म्हणजे मागून हवा खेळते. फांद्या ताठ होत्या. आदल्या दिवशी भरपूर पाणी, मग दर चार-पाच दिवसांनी थोडं थोडं खाली, जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी सैल आठचा आकडा घालून बांधत. नोव्हेंबरात आडव्या फांदीवर दर दोन-तीन इंचांवर लालसर कोंब उभे राहिले, ज्या काडीवर काही फुटेल असं माळ्यालाही वाटत नव्हतं तिच्यावरसुद्धा. डिसेंबरात त्यातल्या बहुतेकांना झुपके आले. थंड रात्रींमुळे कळ्यांच्या बाहेरच्या पाकळ्यांना गुलाबी झाक होती. मावशीनं आधी रोग समजून फोन केला. आइसबर्ग थंडीत असा लाजतोच.

पानांवर काळे ठिपके पाडणारा बुरशीचा रोग सध्या नाही. ती बुरशी रुजायला पान सात-एक तास ओलं राहावं लागतं, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्यालाच.

जानेवारीत सुकलेले झुपके काढले, बुंध्याशी पाल्याचं आच्छादन केलं. आता काळजी एप्रिल-मेची. दुपारनंतर ती भिंत तापते आणि लाल कोळी ही पानातला रस शोषणारी बारीक कीड हमखास येते. शेडनेट लावायचं की पानांच्या खालून पाण्याचा फवारा पुरेल? पश्चिमेच्या भिंतीवर वेली गुलाब असणाऱ्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.