शिकागोत विमान बदलताना: हिशेब इमिग्रेशनच्या पुढचा धरा

मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–कॅन्सस सिटी असं तिकीट होतं, बरोबर आई. शिकागोत विमान बदलायला एक तास पन्नास मिनिटं. विमान कंपनीच्या नियमात एवढा वेळ बसतो, म्हणून तर तिकीट विकलं जातं. पण तो कमीत कमी वेळ आहे, आरामाचा नव्हे. शिवाय बहुतेक जण फक्त इमिग्रेशनची रांग मोजतात. तिच्यानंतर बॅगा, कस्टम्स, दुसरं टर्मिनल आणि पुन्हा एकदा सिक्युरिटी बाकी असते, हे कुणी धरतच नाही.

फ्रँकफर्टला तर माणूस आणखी गाफील होतो. जर्मनीत शिरायचंच नसतं, त्यामुळे तिथलं इमिग्रेशन नाही, बॅगाही परस्पर पुढच्या विमानात. अमेरिकेत मात्र ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथंच इमिग्रेशन, आणि तिथंच बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टम्सच्या बाहेर न्यायच्या. टॅगवर शेवटच्या शहराचं नाव असलं तरी. मुंबईच्या काउंटरवर "बॅगा थेट कॅन्सस सिटीला" एवढंच ऐकू येतं, मधली पायरी कानावरून जाते. पट्ट्यापाशी एक काका बायकोला ठासून सांगत होते, "अगं, आपल्या बॅगा पुढं गेल्यात, त्यांनी सांगितलंय ना!" लाल रिबीन बांधलेली त्यांची बॅग दुसऱ्यांदा समोरून जायला लागली तेव्हा काकूंनीच ती ओढून खाली घेतली.

आमचं विमान पंचवीस मिनिटं उशिरा टेकलं. दुपारी युरोपातली बरीच विमानं शिकागोत एकापाठोपाठ येतात आणि सगळा लोंढा टर्मिनल ५ च्या त्याच हॉलमध्ये जातो. म्हणून युरोप–अमेरिका टप्प्यात जमेल तितकी पुढची सीट घ्या. खिडकीपेक्षा ती जास्त कामाची. मागच्या रांगांतून उतरलात तर अख्खं विमान तुमच्या पुढं उभं असतं. व्हीलचेअर मागितली की रांग वाचते असं आपल्याकडे सर्रास सांगतात. आईसाठी ती खरोखरच लागते, पण दारात खुर्चीची वाट बघण्यात वेळ जातो तो गेलाच. गुडघे धड असतील तर चालत जा.

इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतात ते ठरलेलं: कुणाकडे आलात, किती दिवस, खायचं काय आणलंय. उत्तर छोटं द्या. मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. विद्यार्थ्यांनी आय-२० (विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा फॉर्म) हाताशीच ठेवायचा. तो चेक-इन बॅगेत गेला तर खिडकीशी दाखवणार काय? आम्ही या टप्प्यातून बाहेर पडलो तेव्हा पाऊण तास उलटला होता.

पट्ट्याजवळ हिरव्या जॅकेटमधलं एक बीगल कुत्रं फिरत होतं. भुंकत नाही, ओरबाडत नाही. वास आला की नुसतं शेजारी बसतं. ते एका मुलाच्या सॅकशी बसलं आणि आतून निघालं विमानात मिळालेलं सफरचंद. बिचारा वेगळ्या तपासणीला गेला. फळं विमानातच संपवा, नाहीतर तिथंच ठेवून उतरा. मेतकूट, भाजणी, लोणचं नेता येतं, पण विचारलं की सरळ सांगून टाकायचं. लपवाछपवीत फ्लाइट जाते, वर दंडही होऊ शकतो.

कस्टम्समधून बाहेर पडल्यावर लगेच बॅगा परत सोपवायची जागा आहे. ड्यूटी फ्रीची बाटली किंवा अत्तर घेतलं असेल तर याच क्षणी बॅगेत टाका, कारण पुढं नव्यानं सिक्युरिटी आहे. तिथून एअरपोर्टच्या फुकट ट्रेननं टर्मिनल ३, २, १ अशा क्रमानं जायचं. आमचं विमान १ वरून होतं. देशांतर्गत विमानाचं दार सुटायच्या साधारण पंधरा मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे शिकागोत टेकल्यापासून हातात होता जेमतेम सव्वा तास, त्यातही कमीच. ट्रेनमध्ये असतानाच वेळ संपली.

इथं एकच गोष्ट कामी आली: सगळा प्रवास एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर होता. टर्मिनल १ ला पोचेपर्यंत ॲपवर संध्याकाळच्या फ्लाइटचा बोर्डिंग पास आलेला, पैसे शून्य. स्वस्त पडतं म्हणून शेवटचा टप्पा वेगळ्या तिकिटावर घेतला असता तर कंपनीच्या लेखी आम्ही नुसते न आलेले प्रवासी. तसं घ्यायचंच असेल तर मध्ये पाच-सहा तास ठेवा, नाहीतर रात्रीचा मुक्काम. एका तिकिटावरही शिकागोसाठी मी तीन तासांखाली जाणार नाही.

दुसरा रस्ता अबू धाबीचा. तिथं अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढण्याआधीच उरकतं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर ती रांग नाही. पण तीच रांग तिथं आधी लागते, म्हणून मोकळा वेळ अबू धाबीला हवा.

परतीला अमेरिकेतून निघताना इमिग्रेशन नसतं, शिकागोत दीड-दोन तास पुरतात. खरी गडबड भारतात. दिल्लीला उतरून पुढं पुण्या-नागपूरचं विमान असेल तर बॅगांचा हाच प्रकार इथंही: घ्या, कस्टम्स पार करा, परत द्या. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय) फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची मोफत नोंदणी आहे. २०२४ मध्ये दिल्लीत आणि २०२५ मध्ये मुंबईतही त्यासाठीची ई-गेट, म्हणजे आपोआप उघडणारी दारं, सुरू झाली. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो प्रत्यक्ष द्यायचे. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे तिकीट काढलं की लगेच अर्ज करून टाका.