हो, अजून शिजवते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, लक्ष्मी मंडईत भाजी घेताना प्रश्न एकच: "काय हो, ते समुद्राचं शेवाळ अजून शिजवता का?" ‘सासूबाईंना एवढं होऊनही’ हे कुणी म्हणत नाही, पण मला ऐकू येतं.

हो, शिजवते. आणि मे महिन्यात माझ्या फ्रीजमधलं चायना ग्रासचं पुडिंग तुम्हीच मागून खाता ना? तेही समुद्री शेवाळातूनच निघतं. म्हणून तर सोलापूरच्या उन्हातही ते वितळत नाही. पुन्हा पातळ करायचं तर 85 अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आता आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. मुलाने जपानहून कोंबू आणला होता, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चामड्याच्या पट्ट्यासारखं, वर पांढरी भुकटी. ती धुवायची नाही, चव त्यातच असते. बोटभर तुकडा रात्री पाण्यात टाकायचा, सकाळी मंद आचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्यायचा, नाहीतर पाणी चिकट होतं. त्या पाण्यात मी तुरीची आमटी करायचे. आई भुरके मारायच्या. "आज काय घातलंस गं?" रोज विचारायच्या, रोज दुसरी वाटी घ्यायच्या.

त्यांना थायरॉइडची गोळी चालू होती. थायरॉइड म्हणजे आयोडीन कमी, शेवाळात आयोडीन भरपूर, म्हणजे चांगलंच, असं मी मनाशीच ठरवून टाकलं. दीड महिना रोज.

एप्रिलच्या भर दुपारी आईंनी चादर मागितली. सोलापुरात, एप्रिलमध्ये! पंखा बंद करायला लावला. तोंडावर सूज, बोलणं संथ. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारा तो आकडा, कितीतरी वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात नवीन काही?" मी गप्प. वन्संनी सांगितलं.

मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. कोंबूच्या एकाच ग्रॅममध्ये हजार-दोन हजारही असू शकतं, आणि त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. आयोडीन जास्त झालं तरी थायरॉइड मंदावतो, हे मला तेव्हा कळलं. तेव्हा, म्हणजे नंतर.

आई गोळी चहाबरोबरच घ्यायच्या, त्यानेही गोळी नीट लागत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी लक्षात ठेवलं, कारण मला सोयीचं होतं. गोळी वर्षानुवर्षं चहाबरोबरच चालली होती आणि अंगावर सूज त्याच वर्षी आली, हेही मला दिसतं. विचारायला एक फोन पुरला असता. ‘घरचं खाणं, त्यात डॉक्टरला काय विचारायचं,’ असं म्हणणारी तेव्हाची मी आज समोर आली तर तिच्याशी भांडेन. पण तीही ऐकायची नाही.

आता फक्त वाकामे, म्हणजे दुसरं एक वाळवलेलं समुद्री शेवाळ, तेही कधीमधी आणि आमच्या दोघांपुरतं. चिमूटभर पाच मिनिटं भिजवलं की वाटीभर होतं. घट्ट पिळून त्यावर शेंगदाण्याचं कूट, लिंबू, लसणाची फोडणी. आईंच्या ताटात नाही. कोंबूचे उरलेले तुकडे डब्यात तसेच आहेत. वापरत नाही, टाकवतही नाहीत.

औषध वाढवल्यावर आईंचा रिपोर्ट जागेवर आला. परवा त्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली. "पूर्वीची चव नाही गं राहिली."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी आईंच्या वाटीत कडक भाकरी चुरत राहिले.